नकाशाविना धरण

माणसानं बांधलेल्या धरणाचे नकाशे असतात. गाभ्यात कोणती माती भरली, ती किती दाबली, पाझर कुठून बाहेर काढला, सगळं कागदावर सापडतं. दरड कोसळून आपोआप तयार झालेल्या बांधाचं तसं नसतं. १८ मे १९८० रोजी अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखीची उत्तर बाजू कोसळली. दरडीच्या मलब्यानं टूटल नदीचं खोरं भरलं, उपनद्या तुंबल्या. कॅसल लेक हे त्यातलंच एक तळं, सुमारे २.३ कोटी घनमीटर पाण्याचं. बांध फुटला तर खालच्या खोऱ्यात महापूर. १९८१ मध्ये सांडवा खोदला, तेव्हा पाणी माथ्यावरून जाऊन बांध कापण्याची भीती कमी झाली. पोटातून झिरपणाऱ्या पाण्याची चिंता मात्र उरली.

भूजलाची मॉडेलं करणं हे माझं काम. या कामात नव्यानं आलेल्यांना मी एव्हलिन रोलोफ्स यांचा कॅसल लेकवरचा १९९४चा अहवाल आवर्जून वाचायला देतो. त्यासाठी आधी उद्रेकापूर्वीच्या जमिनीचा नवा नकाशा तयार केला गेला. आजच्या उंचीतून ती उंची वजा केली की मलब्याची जाडी कळते. मग सगळा बांध एकाच मातीचा आहे असं धरून मॉडेल चालवलं. निम्म्या ठिकाणी पाणीपातळी जुळली. बाकीच्या ठिकाणी ती ३ मीटर किंवा त्याहूनही जास्त चुकली. मला हा टप्पा फार मोलाचा वाटतो. जुळलेल्या जागांवरून कळतं की बांधाच्या नुसत्या आकारानंही पाणीपातळी बरीचशी ठरते. चुकलेल्या जागा आतली माती कुठे बदलते ते दाखवतात. तिथूनच खरी जुळवणी सुरू होते.

बांधात २२ पिझोमीटर होते. या बारीक नळ्यांत पाणी जितकं चढेल, तितका तळाशी दाब. काही नळ्यांत पाणी जमिनीच्याही वर चढलं होतं, म्हणजे तिथे ते खालून वर येऊ पाहत होतं. वर येणाऱ्या पाण्याचा रेटा मातीच्या पाण्यातल्या वजनाइतका झाला की कणांचा एकमेकांवरचा भार संपतो आणि माती उचलली जाते. माती उचलायला लागणारा रेटा प्रत्यक्ष रेट्याच्या किती पट आहे, तो सुरक्षा गुणांक; पाणी वर चढलेल्या त्या जागी तो २च्या जेमतेम वर होता. जानेवारी १९९०च्या वादळात कॅसल क्रीकजवळ माती घसरली होती. मॉडेलनंही तिथे गुणांक कमीच दाखवला.

मग तळंच उतरवलं तर? मॉडेलमध्ये पातळी १२ मीटरनं खाली नेली, तर पुष्कळ ठिकाणी गुणांक फक्त ०.१ नं वाढला. पाणी तळ्यातून बांधात येतं, तसंच बांधातून तळ्यातही जातं. त्यामुळे तळं उतरवलं की सगळीकडचा दाब उतरेल, हा हिशेब चुकतो. समोर दिसणाऱ्या पाण्यावरच सगळा इलाज करायचा मोह किती महाग पडू शकतो, ते इथे आकड्यांत दिसतं.

अहवालातला एक इशारा मी कायम जवळ बाळगतो: जिथे नळीच नाही, तिथे मातीचे गुणधर्म एकदम बदलत असतील, तर कमी गुणांकाची जागा मॉडेलला दिसणारच नाही. एखादा पातळ, घट्ट थर दाबातला जवळजवळ सगळा फरक एकटा अंगावर घेतो, आणि मॉडेलच्या मोठ्या चौकटीत त्याची सरासरी होऊन जाते. म्हणून मॉडेल झालं की मोजमाप थांबवा, असं कुणी म्हणालं तर मी ठाम नकार देतो. पुढची नळी कुठे घालायची, हे मॉडेलनं सांगितलेलं असतं. ती घातली, वर्षानुवर्षं मोजली, तरच त्या गुणांकाच्या भरवशावर खोऱ्यातल्या लोकांना निर्धास्त राहा म्हणायचा हक्क आपल्याला मिळतो.