गणेशखिंडीची बाग

पुसेगावसारख्या गावातून पुणे विद्यापीठात शिकावयास गेलेल्या मुलाची विचारपूस करण्यास जाणारे पालक बहुधा मुख्य इमारतीचा 80 फुटी मनोरा पाहून परततात. जवळची गणेशखिंडीची बाग मात्र पाहावयाची राहून जाते.

मनोऱ्याचा इतिहास मोठा आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव कडाडले, मुंबई इलाख्यात पैसा खेळू लागला आणि गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी पावसाळी मुक्कामासाठी 1864 मध्ये हा प्रासाद बांधावयास घेतला. खर्च इतका हाताबाहेर गेला की विलायतेतही त्यावर टीका झाली. याच प्रासादातील राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव आटोपून 22 जून 1897 च्या रात्री परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. 1949 मध्ये येथे विद्यापीठ आले. पुढे या वास्तूचा जीर्णोद्धारही झाला.

बागेचे वैभव निराळे, डोळ्यांत न भरणारे. 1873 मध्ये वनस्पती-उद्यान म्हणून ती आकारास आली व पुढे फळसंशोधनाचे केंद्र बनली. 1927 मध्ये येथेच डॉ. चीमा यांनी रोपांतून निवडून काढलेला पेरू ‘लखनौ-49’ अर्थात ‘सरदार’ या नावाने प्रसिद्ध झाला. आज तो महाराष्ट्रात सर्वदूर पिकतो. ज्याच्या शेताच्या बांधावर सरदारचे झाड आहे, त्याचे गणेशखिंडीशी नाते आहे; त्याला ते ठाऊक नसते, इतकेच.

पेरूचे बी लावून तोच पेरू हमखास मिळत नाही. मूळ झाडाची फांदी मातीत दाबून, तिला मुळे फुटल्यावर ती वेगळी करावी लागते. म्हणजे प्रत्येक कलमाच्या मागे कुठे तरी एक मातृवृक्ष उभा असावा लागतो. वास्तूचा ढासळलेला भाग जुन्या छायाचित्रावरून पुन्हा उभारता येतो. तोडलेला मातृवृक्ष छायाचित्रावरून उगवत नाही. पुण्यासारख्या शहरात, जमिनीचा भाव पाहता, ही गोष्ट विसरणे फार सोपे आहे.

म्हणूनच 2020 चा निर्णय महत्त्वाचा. त्या वर्षी राज्य शासनाने सुमारे 33 हेक्टरांची ही बाग जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. जीर्णोद्धार म्हणावा असा थाट त्यात नाही. ना रंगरंगोटी, ना उद्घाटनाची कोनशिला. जुनी झाडे जागच्या जागी राहावीत, एवढाच त्याचा अर्थ.

मनोरा पाहून झाल्यावर पालकांनी तासभर हाताशी ठेवावा आणि मुलालाही बरोबर न्यावे. घरच्या बांधावरील पेरूची मूळ जागा त्यानेही बहुधा पाहिलेली नसेल.