रंग नव्हे, पोट

आज कट्टा गावात जाऊन तिसरी जुनी गाडी बघून आलो. मुंबईतली २२ वर्षं लोकल आणि बेस्टच्या बसवर निघाली. आता बासष्टाव्या वर्षी मालवणात परतल्यावर पुन्हा दुचाकी हवी आहे. मन अजून आरएक्स १०० मागतं. पण १९९६ साली बंद झालेल्या गाडीचे अस्सल पार्ट शोधत फिरणं आता जमणार नाही. बुलेट देवबागच्या पुळणीत रुतली, तर मला एकट्याला काढवणार नाही. स्प्लेंडर बरी. ९७.२ सीसी, वजन सुमारे ११० किलो, पार्ट कुठेही मिळतात. गुडघ्यासाठी सेल्फ स्टार्टवाली बघतोय.

आजची लांबून चकचकीत होती. सोबतचा मेकॅनिक म्हणाला, "काकानू, रंग बघू नकात, खालसून बघा." वाकलो. सायलेन्सरच्या पोटाला रंगाचे फुगे आले होते. नखाने दाबताच गंजाचा पापुद्रा सुटला. पुढच्या फोर्कच्या नळीवर बोट फिरवलं, तर बारीक खड्डे लागले. त्यांनीच ऑइल सील फाटतं आणि तेल गळतं. समुद्रालगतच्या गाडीचा किलोमीटरचा काटा मी आता शेवटी बघतो.

कागद चोख होते, एमएच-०७, चासी नंबरही जुळला. तरी नको म्हणालो. जड गेलं. सीटवर बसून क्लच दाबला, तेव्हा डाव्या हाताला सगळं आठवलं होतं.

उद्या कसालला एक आहे, किनाऱ्यापासून आत वापरलेली. मालकांना फोन करून सांगितलंय, मी पोचेपर्यंत सुरू करू नका, इंजिन थंडच राहू दे.