भुयारातले मराठी नाव

आम्ही भीमपूरचे. पैनगंगेपलीकडे महाराष्ट्र, अलीकडे आम्ही. घरात मराठी, कचेरीत तेलुगू. मध्यंतरी मुंबईस जाणे झाले आणि भुयारी मेट्रोत बसलो. आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरचा मार्ग ९ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवाशांसाठी पूर्ण खुला आहे. त्यावरील २७ स्थानकांपैकी २६ जमिनीखाली आहेत. 'भुयार' या शब्दात आम्हांस नेहमी 'भुई' ऐकू येते. त्या दिवशी ती डोळ्यांनी पाहिली.

डब्यात घोषणा झाली, 'पुढील स्थानक, हुतात्मा चौक.' इंग्रजी शाळेत जाणाऱ्या आमच्या चिरंजीवांनी विचारले, "हुतात्मा म्हणजे?"

'हुत' म्हणजे होमात अर्पिलेले. ज्याने स्वतःचीच आहुती दिली, तो हुतात्मा. फ्लोरा फाउंटनपाशी २१ नोव्हेंबर १९५५ रोजी गोळीबार झाला, तो संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्यांवर, हेही आम्ही सांगितले.

"मग ते आपल्यासाठीही गेले का?"

१९५६ साली राज्यपुनर्रचनेत आदिलाबादमधून किनवट, राजुरा मराठी मुलखात गेले, आम्ही राहिलो. काय उत्तर द्यावे, सुचेना. सरकत्या जिन्याने मुकाट वर आलो.

परतीच्या वाटेवर पोराने वहीत देवनागरीत स्थानकाचे नाव लिहिले. 'त्मा' हे जोडाक्षर चुकले होते. आम्ही ते त्याच्याकडून पुन्हा गिरवून घेतले. सीमा बदलणे आमच्या हाती नाही, अक्षर आहे.