हिंगण्याची वाट

कर्वेनगरची बस पकडली की मला चिखल आठवतो. १९०० साली हिंगण्याच्या माळावर विधवांसाठी झोपडी उभी राहिली, तेव्हा फर्ग्युसनमधले गणिताचे प्राध्यापक अण्णासाहेब कर्वे कॉलेज सुटल्यावर ही वाट रोज पायी तुडवीत. आम्ही प्राध्यापक दोन तासांनीच दमतो!

पण मला अधिक नवल वाटते ते पार्वतीबाई आठवल्यांचे. तरुणपणीच विधवा झालेली ही बाई आश्रमात शिकली, त्यासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडली आणि १९१८ साली चक्क अमेरिकेला गेली. तिथे परक्यांच्या घरी भांडी घासून तिने पोट भरले. भांडी काय, इथेही घासावी लागलीच असती. पण दीर-जावांच्या घरी त्याचे दाम कोण देणार?

बस थांबते. दप्तरे सावरीत मुली उतरतात.