हाक पोहोचली का?

प्रवेशाचा अखेरचा दिवस होता. शाळेच्या कार्यालयासमोर दाखल्यांसाठी मुलांची रांग लागली होती. परंतु रात्री वीज गेल्यापासून सर्वांचा सामाईक प्रिंटर मूक होता. कोणत्याही संगणकाची आज्ञा तो मानीना. जो तो त्यालाच बोल लावू लागला. वृद्ध कारकुनाने मात्र प्रिंटरवरील कळ दाबून त्याच्या माहितीचे पान छापून पाहिले. ते स्वच्छ उमटले! यंत्र निर्दोष होते. पानावरचा आयपी पत्ता तेवढा निराळा होता. वीज परतल्यावर राउटरने प्रिंटरला नवा पत्ता दिला होता, आणि संगणक जुन्याच पत्त्यावर मजकूर धाडीत होते. कारकुनाने संगणकांत नवा पत्ता नोंदवला, राउटरमध्ये तो प्रिंटरसाठी कायमचा राखून ठेवला. दाखले भराभर निघाले. उत्तर न देणाऱ्यास दोष देण्यापूर्वी आपली हाक त्याच्यापर्यंत पोहोचली का, हे पाहावे.