काकूंना मी चुकीचं सांगितलं

रत्नागिरीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना काही वर्षं मी वजन उतरवायला येणाऱ्यांना समुद्री शेवाळाच्या गोळ्या सुचवत होते. अगदी मनापासून. आता सुचवत नाही, आणि का ते उघडपणे सांगणं मला माझं कर्तव्य वाटतं.

माझा विश्वास ऐकीव गोष्टींवर नव्हता. 2005 साली जपानच्या होक्काइडो विद्यापीठातल्या संशोधकांनी वाकामे या तपकिरी शेवाळातलं फ्युकोझँथिन हे रंगद्रव्य उंदरांना दिलं. त्यांच्या पोटातली पांढरी चरबी घटली. शिवाय त्या चरबीत यूसीपी-1 हे प्रथिन दिसलं. एरवी ते तपकिरी चरबीत असतं आणि ऊर्जा साठवण्याऐवजी उष्णतेच्या रूपात खर्च करतं. हे वाचून मी हरखले. ओहोटीच्या वेळी आमच्या खडकांवर तपकिरी सरगॅसम पसरलेलं मी लहानपणापासून बघत आले होते. इतकं जवळचं औषध आपण पायाखाली तुडवतो, असं वाटलं.

त्याच भरात आमच्या आळीतल्या काकूंना मी केल्पच्या गोळ्या लिहून दिल्या. केल्प म्हणजे थंड समुद्रातलं मोठं तपकिरी शेवाळ. तीन महिन्यांनी काकू आल्या त्या चेहरा सुजलेला, आवाज घोगरा. "जिना चढताना पाय उचलत नाही गो, आणि भर वैशाखात थंडी वाजते." रक्ततपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉईड मंदावला की वाढणारं संप्रेरक, बराच वाढला होता. त्यांच्या डॉक्टरांनी मला फोन करून विचारलं, "या गोळीत आयोडीन किती आहे?" बाटलीवर आकडा नव्हता, आणि मीही तो कधी शोधला नव्हता. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. केल्पच्या एका ग्रॅममध्ये त्याच्या कितीतरी पट असू शकतं, आणि जास्तीच्या आयोडीनने नाजूक थायरॉईडचं काम मंदावतं. गोळ्या बंद केल्यावर टीएसएचचा आकडा हळूहळू खाली आला.

मग मी पुन्हा वाचायला बसले, या वेळी माणसांवरचे प्रयोग. कोपनहेगनमध्ये 96 लठ्ठ व्यक्तींना 12 आठवडे कमी उष्मांकाचा आहार दिला होता. त्यांतल्या काहींना जेवणाआधी अल्जिनेटचं पेय दिलं. अल्जिनेट हा तपकिरी शेवाळातला तंतू पोटात फुगून जेलीसारखा होतो. शेवटपर्यंत टिकलेल्या 80 जणांत पेय घेणाऱ्यांचं वजन सरासरी 6.78 किलो उतरलं, इतरांचं 5.04. पण मध्येच सोडून गेलेल्यांनाही हिशेबात धरलं तेव्हा ठाम फरक उरला नाही.

माझी चूक तिथे मला नीट दिसली. फ्युकोझँथिन वेगळं, अल्जिनेट वेगळं, केल्पची भुकटी तिसरीच. पुरावा एकाचा होता, गोळी दुसऱ्याची होती, आणि 'शेवाळाचा अर्क' या एका शब्दाखाली मी सगळं एकत्र केलं होतं. शेवाळावरचा माझा विश्वास गेलेला नाही. त्यातून उद्या खरंच काही हाती लागेल असं मला वाटतं. पण ते हाती लागेपर्यंत माझ्यासमोर बसलेल्या माणसावर मी ते आजमावणार नाही.

काकूंच्या घरी जाऊन मी माफी मागितली. त्यांनी माझा हात धरून ठेवला. म्हणाल्या, "माझ्या आईला थायरॉईड होता. तू विचारलं असतंस, तर सांगितलं असतं गो."