अर्ज विचाराधीन, घर लिलावाकडे

‘मागितलेली कागदपत्रं तुम्ही दिलेली नाहीत, सबब तुमचा अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.’ जून २०१० मध्ये बँकेकडून आलेल्या पत्रातलं हे वाक्य आठवलं की आजही माझं डोकं तापतं. कागद आम्ही दिले होते. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा दिले होते. पगाराच्या पावत्या, बँकेचे उतारे, आयकराची विवरणपत्रं, आयकर खात्याकडून आमची माहिती मागवायला परवानगी देणारा फॉर्म, सगळं. पावत्या साठ दिवसांहून जुन्या झाल्या की पुन्हा मागवायचे, आम्ही पुन्हा पाठवायचो. फॅक्स गेल्याच्या पावत्या मी तारखेप्रमाणे लावून ठेवल्या होत्या. तरीही ‘दिलेली नाहीत’.

मागचा इतिहास थोडक्यात सांगते. घर २००६ साली घेतलं, न्यू जर्सीत, एडिसनजवळ. तेव्हा भाव चढलेले होते. कर्ज ३ लाख ४० हजार डॉलर, व्याज सव्वासहा टक्के, घरपट्टी आणि विमा धरून महिन्याचा हप्ता २,९०० डॉलरच्या घरात. फेब्रुवारी २००९ मध्ये नवऱ्याची नोकरी गेली. नंतर त्याला तुटक कंत्राटी कामं मिळत राहिली, माझी नोकरी टिकली, पण दोन्ही मिळून उत्पन्न निम्म्यावर आलं. शिल्लक होती तोवर हप्ते भरले.

त्याच फेब्रुवारीत ओबामांनी ॲरिझोनातल्या मेसा गावी घरं वाचवण्याची योजना जाहीर केली होती. तीस ते चाळीस लाख कुटुंबांना आधार देण्याचं तिचं उद्दिष्ट होतं. लोकांच्या तोंडी तिचं नाव ‘हॅम्प’. योजना कागदावर खरोखर चांगली होती, हे मी आजही म्हणते. घरपट्टी आणि विमा धरून पहिल्या कर्जाचा हप्ता तुमच्या ढोबळ उत्पन्नाच्या ३१ टक्क्यांवर आणायचा. त्यासाठी आधी व्याज कमी करायचं, अगदी २ टक्क्यांपर्यंत. तेवढ्यानं भागलं नाही तर मुदत ४० वर्षांपर्यंत वाढवायची. तरीही भागलं नाही तर मुद्दलातली काही रक्कम बिनव्याजी बाजूला ठेवायची. ती घर विकताना किंवा कर्ज संपताना फेडायची. हे कायम होण्याआधी तीन महिने चाचणीचे. तीन महिने ठरलेला कमी हप्ता वेळेवर भरा, कागद पुरे करा, मग करार पक्का.

आम्ही पहिल्यांदा फोन केला तेव्हा एकही हप्ता थकलेला नव्हता. पलीकडचा माणूस म्हणाला, ‘तुमचे हप्ते तर वेळेवर आहेत, मग अडचण कुठे आहे?’ योजनेच्या नियमांत हप्ता लवकरच थकेल अशी स्थिती असलेली माणसंही बसत होती. त्याला ते माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, कोण जाणे. शेवटी शिल्लक संपली, हप्ते थकले, आणि मग आमचं ऐकून घेतलं गेलं.

अर्जासोबत आपली अडचण सांगणारं पत्र लिहावं लागतं. ते मी लिहिलं, नवऱ्यानं सही केली. माझ्या सासऱ्यांनी पुण्यात सोसायटीचं कर्ज मुदतीआधी फेडलं होतं आणि तो कागद फ्रेम करून लावला होता. त्यांच्या मुलाला ‘आम्ही हप्ता भरू शकत नाही’ याखाली सही करायला किती जड गेलं असेल, ते मी समोर बसून पाहिलं. इथल्या मराठी मंडळात आम्ही कुणाला काही बोललो नाही. त्या वर्षी गणपतीला स्वयंपाकघरात पंचवीस बायकांत पुऱ्या लाटताना मला माहीत होतं की यातल्या दोघी-तिघींच्या घरी हेच चाललंय, आणि त्याही गप्प होत्या.

सप्टेंबर २००९ मध्ये फोनवर विचारलेल्या उत्पन्नाच्या आधारे चाचणी सुरू झाली. हप्ता १,७५० डॉलर. तेव्हा अनेक बँका अशीच तोंडी माहितीवर चाचणी देत होत्या. कागद आधी तपासून मगच चाचणी द्यायची, असा नियम सरकारनं १ जून २०१० पासून लागू केला. पहिला चेक पाठवला त्या रात्री आम्ही दोघं महिन्यांनंतर शांत झोपलो.

आता मला जे सांगायचं आहे ते इथून पुढे, आणि ते मी सावकाश सांगणार आहे. कारण हे ऐकून ‘काहीतरी तुमचंच चुकलं असेल’ म्हणणारे खूप भेटले.

तीन महिने संपले. पक्का करार आला नाही. फोन केला तर ‘अर्ज विचाराधीन आहे, तोच हप्ता भरत राहा’. भरत राहिलो. हिवाळा गेला, वसंत आला. दर वेळी फोनवर नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी, दर वेळी ‘विचाराधीन’. एकही चेक उशिरा गेला नाही. आणि या सगळ्या काळात बँकेच्या वहीत आमच्या नावावर काय लिहिलं जात होतं? करार पक्का होईपर्यंत जुनंच कर्ज लागू असतं. म्हणजे हप्ता २,९०० चाच, आणि आम्ही भरलेले १,७५० अपुरे. अपुरा हप्ता कर्जात जमा होत नाही. तो एका वेगळ्या खात्यात पडून राहतो आणि पुरेसा साठला की एक जुना हप्ता म्हणून वळता होतो. त्यामुळे बँकेनं सांगितलेली रक्कम सांगितलेल्या तारखेला भरणारं आमचं कुटुंब दर महिन्याला जास्त थकबाकीदार होत गेलं. पतमानांकन करणाऱ्या कंपन्यांनाही तसंच कळवलं गेलं. महिन्याला साडेअकराशे डॉलरची तूट, वर दंड.

करार पक्का झाला असता तर हे सगळं मुद्दलात मिसळलं असतं, दंड माफ झाला असता. पण आलं ते नामंजुरीचं पत्र. त्यात चाचणीआधीचे थकलेले हप्ते होतेच, पण चाचणीच्या काळातला फरकही एकरकमी मागितला होता. तो फरकच दहा हजारांच्या वर. ‘कमी भरा’ असं तुम्हीच सांगायचं आणि ‘कमी का भरलं’ म्हणून घर जप्तीला काढायचं! आम्ही त्या महिन्यांत काहीच भरलं नसतं तर निदान हातात पैसे तरी राहिले असते. भाड्याच्या घराचं डिपॉझिट निघालं असतं. प्रामाणिकपणे भरणाऱ्याला जास्त मार बसावा, अशीच ती व्यवस्था होती. यात आम्ही एकटे नव्हतो. या योजनेला पैसा पुरवणाऱ्या संकटनिधीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी महानिरीक्षकांनी २०१५ मध्ये जाहीर केलं की योजनेखालचे ७२ टक्के अर्ज नाकारले गेले. त्या आकड्यातल्या प्रत्येक घरात अशीच एक फाईल असणार.

आम्ही लगेच पुन्हा अर्ज केला. पुन्हा ‘विचाराधीन’. आणि अर्ज विचाराधीन असतानाच, ऑक्टोबरात, दुपारी दारावर एक माणूस आला आणि शाळेतून नुकत्याच आलेल्या माझ्या मुलाच्या हातात जप्तीच्या दाव्याचं समन्स देऊन गेला. मुलगा पंधरा वर्षांचा. न्यू जर्सीत चौदा वर्षांवरच्या घरच्या माणसाच्या हातात समन्स देता येतं, ते कायदेशीर आहे. मी कामावरून आले तेव्हा त्यानं ते सगळं वाचलेलं होतं आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर पानं सरळ लावून ठेवली होती. ‘आई, आपल्याला इथून जावं लागणार का?’ एवढंच विचारलं. मी त्याच संध्याकाळी बँकेला फोन केला. अर्ज पाहणाऱ्या विभागातली बाई म्हणाली, दावा वेगळा विभाग करतो, आम्हाला त्याची कल्पना नसते, तुमचा अर्ज विचाराधीन आहे. एकाच इमारतीतला एक हात घर वाचवतोय असं सांगत होता आणि दुसरा ते लिलावाला नेत होता. यावर पुढे कायद्यानं बंधन आलं, पण २०१४ मध्ये. आमच्या वेळी ते सर्रास चाललं होतं.

त्या आठवड्यात नवरा म्हणाला, ‘सोडून देऊ घर. भाड्यानं राहू. नाहीतर पुण्याला जाऊ.’ मला तेव्हा तो पळपुटा वाटला, आणि तसं मी त्याला बोललेही.

न्यू जर्सीत जप्ती कोर्टातूनच व्हावी लागते, हे आमचं नशीब. अनेक राज्यांत तसं नाही. तिथे नोटिसा पाठवून कोर्टाशिवाय घर विकता येतं. शिवाय २००९ पासून इथल्या कोर्टांनी बँक आणि घरमालक यांना समोरासमोर बसवणारी मध्यस्थी सुरू केली होती, तीही मोफत. त्यासाठी सरकारमान्य गृहसल्लागाराकडे जावं लागलं. न्यू ब्रन्सविकला एका संस्थेत एक सल्लागार बाई भेटल्या. साठीच्या, मूळच्या प्वेर्तो रिकोच्या. त्यांनी आमच्याकडून एक डॉलर घेतला नाही. आधी उत्पन्न-खर्चाचा तक्ता करून घेतला, समन्सला मुदतीत उत्तर दाखल करायला लावलं आणि मग माझी फाईल पानापानानं पाहिली. त्याआधी एका वकिली थाटाच्या कंपनीनं ‘तीन हजार डॉलर आगाऊ द्या, करार मिळवून देतो’ असं सांगितलं होतं, आणि आमच्याच ओळखीतल्या एका कुटुंबाचे त्यात पैसे बुडाले.

डिसेंबर २०१० मध्ये न वाचताच सह्या केलेल्या जप्तीच्या कागदपत्रांवरून न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं मोठ्या बँकांना जाब विचारला आणि राज्यभरातली प्रकरणं मंदावली. आम्हाला श्वास घ्यायला वेळ मिळाला. मध्यस्थीची तारीख लागली ती २०११ च्या उन्हाळ्यात.

कोर्टातली छोटी खोली. मध्यस्थ, बँकेचा वकील, आम्ही दोघं, त्या बाई आणि टेबलावरच्या स्पीकरफोनवर बँकेचा माणूस. फोनवरून तेच वाक्य आलं: सह-कर्जदाराच्या पगाराच्या पावत्या मिळालेल्या नाहीत. सह-कर्जदार म्हणजे मी. बाईंनी फॅक्सच्या पावत्यांचा गठ्ठा मध्यस्थासमोर सरकवला आणि फोनवरच्या माणसाला म्हणाल्या, तुमच्याकडे या तारखांना आलेली पानं उघडा, एकेक. आम्ही धरून राहतो. बराच वेळ नुसता कीबोर्डचा आवाज. मग तो म्हणाला, ‘या तारखांना पगाराच्या पावत्या आहेत, पण त्या पतीच्या पावत्यांच्या दुबार प्रती म्हणून लावल्या आहेत.’ माझ्या पावतीवर माझं पासपोर्टवरचं पूर्ण नाव होतं: माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. आपल्याकडे सगळ्यांचं असतं तसं. कागद लावणाऱ्या कुणीतरी मधलं नाव आणि आडनाव वाचलं, नवऱ्याची पावती समजून दुबार म्हणून बाजूला टाकलं, आणि माझं उत्पन्न कायम ‘मिळालं नाही’ राहिलं. एवढंच. एवढ्यावरून घर हातचं चाललं होतं. वर्ष-दीड वर्षात एकाही माणसानं ते पान उघडून पाहिलं नव्हतं.

मध्यस्थानं तिथेच तारखा बांधून दिल्या. नवी चाचणी झाली आणि ऑक्टोबर २०११ मध्ये करार पक्का झाला: पहिली पाच वर्षं २ टक्के, मग दर वर्षी फार तर एक टक्का वाढ, करारावेळच्या बाजारदरापर्यंत, म्हणजे आमच्या बाबतीत चारच्या थोडं वर. मुदत ४० वर्षं. थकबाकी, बँकेच्या वकिलाची फी, सगळं मुद्दलात, आणि त्यातली मोठी रक्कम बिनव्याजी बाजूला. सही करताना मी रडले.

आज विचाराल तर सांगते, मला तेव्हाइतकं खात्रीनं बोलता येत नाही. मुलगा केव्हाच बाहेर पडला. हिशेब केला तर कर्ज आमच्या ऐंशीच्या पुढे जातं, आणि बाजूला ठेवलेली रक्कम तशीच उभी आहे. नवऱ्याचं तेव्हाचं म्हणणं मला आता पळपुटेपणाचं वाटत नाही. २०१० मध्ये सोडलं असतं तर कदाचित अधिक मोकळे झालो असतो. पण बँकेनं माझे कागद वाचले नाहीत म्हणून मी घर सोडायचं, हे मला तेव्हाही मान्य नव्हतं आणि आजही नाही. दोन्ही खरं आहे, त्याला माझा इलाज नाही.

‘हॅम्प’ २०१६ अखेर बंद झाली. तिच्या जागी फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्जं विकत घेणाऱ्या संस्थांच्या कर्जांसाठी नवी पद्धत आली, तिच्यातही ४० वर्षांपर्यंत मुदत वाढते. नोकऱ्या आताही जातात, आणि तरुण जोडपी दबक्या आवाजात मला विचारतात. मी त्यांना आधी विचारते, घराची किंमत कर्जाहून जास्त आहे का? असेल आणि नोकरीची आशा नसेल तर वेळेत विका. त्यात कमीपणा काही नाही. घर ठेवायचंच असेल तर पहिला हप्ता चुकण्याआधी सरकारमान्य गृहसल्लागाराला फोन करा. त्याला पैसे लागत नाहीत, आणि आगाऊ पैसे मागणाऱ्याला दारात उभं करू नका. अर्ज पूर्ण पोचल्याचं बँकेकडून लेखी घ्या, कारण लिलावाच्या ३७ दिवसांहून आधी पूर्ण अर्ज पोचलेला असेल तरच त्याचा निकाल लागेपर्यंत बँकेला लिलाव करता येत नाही. तुमच्या नावात मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असेल तर प्रत्येक पानावर कर्ज क्रमांक आणि ‘सह-कर्जदार’ असं ठळक लिहा. आणि न्यू जर्सीत राहत असाल, कोर्टाचं पाकीट आलं असेल, तर ते फोडा. हातात पडल्यापासून उत्तर द्यायला ३५ दिवस असतात.